जुन्या ट्रकला बांधलेलं इंजिन घ्यावं, की आपलंच खोलावं?

जुना_सोबती

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

गाडी १८ वर्षांची. सहा सिलिंडर, टर्बो, पंप मेकॅनिकल, म्हणजे कॉम्प्युटरची भानगड नाही. मी स्वतः चालवतो. गिअरबॉक्सचं काम तीन वर्षांपूर्वी झालं, डिफरन्शियल गप्प आहे, चासी सरळ आहे. केबिनला थोडा गंज आहे, पण खालून नाही. इंजिन मात्र कामाला आलंय असं दिसतंय. ऑइल पितंय, चढावर पिकअप नाही, सकाळी सुरू केली की पाच मिनिटं पांढरा धूर. ब्रिदरमधून (इंजिनच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) तर इतका धूर निघतो की सिग्नलला शेजारच्या गाडीवाला काच वर करतो.

मेकॅनिक म्हणतो फुल इंजिन करावं लागेल, तीन आठवडे गाडी उभी. नेमकं आत्ताच एकाकडे याच मॉडेलचं बांधून तयार इंजिन पडून आहे. नवा रंग, खाली पॅलेट, एकदम नवरदेव. 'क्रँक ग्राइंड केलाय, लायनर-पिस्टन नवे, हेडचं काम झालंय' असं सांगतो. (क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, लायनर म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ते नळकांडं, हेड म्हणजे त्यावरचं झाकण.) सहा महिन्यांची वॉरंटी, आपलं जुनं इंजिन बदल्यात द्यायचं. तीन दिवसांत गाडी रस्त्यावर. तयार इंजिन थोडं महाग पडतं, पण उभ्या गाडीचे दिवस धरले तर उलट स्वस्तच. मन तिकडेच झुकलंय. घेऊ का?

सुसाट

१८ वर्षं? विका आणि मोकळे व्हा.

ग्रीसचे_हात

विकायची घाई नको आणि इंजिन घ्यायचीही नको. 'कामाला आलंय असं दिसतंय' म्हणताय. मोजलंय का कुणी?

ऑइल हजार किलोमीटरला किती लागतं ते सांगा, आणि त्याच हजाराला डिझेल किती जातं तेही सांगा. ऑइलचा खप डिझेलच्या टक्क्यात धरायचा. भरलेली गाडी चढावर डिझेल जास्त जाळते तसं ऑइलही जास्त जाळते, त्यामुळे नुसत्या लिटरवरून काही कळत नाही. अर्ध्या टक्क्याच्या आत असेल तर मी निवांत झोपतो. एक टक्क्यावर गेलं की कारण शोधायला लागतो.

दुसरं म्हणजे हवेच्या टाक्यांचा ड्रेन खोलून बघा. पाण्याबरोबर काळं ऑइल पडतंय का? ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर इंजिनच्याच ऑइलवर चालतो, हे लोक विसरतात. त्याच्या रिंगा गेल्या की तो दोन उद्योग करतो. ऑइल टाक्यांकडे फेकतो, आणि दाबाची हवा खाली इंजिनच्या पोटात सोडतो. ती हवा ब्रिदरवाटे बाहेर येते आणि सगळे म्हणतात पिस्टन गेले. टर्बोचं सील गेलं तरी तोच प्रकार. मी स्वतः एक इंजिन पूर्ण खोललंय, त्यात लायनरवरच्या होनिंगच्या (दगडाने घासून पाडलेल्या) तिरक्या रेघा जशाच्या तशा होत्या. दोष कॉम्प्रेसरचा निघाला. मालकाला ते सांगताना माझी काय अवस्था झाली असेल बघा.

तपासायला सोपं आहे. गाडी गरम असताना ब्रिदरवर नजर ठेवा. टाक्या भरल्या आणि हवेच्या गव्हर्नरने (दाब पुरा झाला की कॉम्प्रेसरला मोकळं करणारा व्हॉल्व्ह) हवा कट केली की धूर कमी होतो का? मग सगळ्या टाक्यांचे ड्रेन उघडे ठेवून पुन्हा बघा. टाक्यांच्या दाबाप्रमाणे धूर वर-खाली होत असेल, तर निदान काही दोष कॉम्प्रेसरचा आहे.

लेथवर_उभा

मी मशीन शॉपमध्ये आहे. क्रँक, ब्लॉक, हेड हेच रोज हाताखालून जातं. त्यामुळे माझं बोलणं एकांगी वाटलं तर वाटू द्या.

'बांधलेलं इंजिन' हे शब्द रबरासारखे आहेत, ओढाल तेवढे ताणतात. कुणी भंगारातल्या गाडीचं इंजिन काढून, धुऊन, रंग मारून बांधलेलं म्हणतो. कुणी हेड उतरवून व्हॉल्व्ह घासतो, रिंगा आणि बेअरिंगं बदलतो. ते झालं हाफ. कुणी खरोखर ब्लॉक रिकामा करून लायनर, पिस्टन, क्रँक, हेड, ऑइल पंप सगळं करतो. आणि कारखान्यातून परत येणारं इंजिन वेगळंच असतं. तिथे प्रत्येक माप मूळ हद्दीत आणतात आणि इंजिन टेस्ट बेडवर चालवून बघतात. रंग चौघांनाही सारखाच चढतो.

म्हणून विकणाऱ्याकडे मापांचा कागद मागा. क्रँक कोणत्या साइजला आहे, ०.२५ की ०.५० मिलिमीटर बारीक? ग्राइंड केल्यावर जर्नल (क्रँकचे बेअरिंगात फिरणारे भाग) गोल आहेत का, की अंडाकृती झालेत? हेड फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट) केल्यावर त्याची जाडी किती उरली, त्याला हवेच्या दाबाने पाण्याखाली तपासलं का? लायनर ब्लॉकच्या वर किती उभे आहेत? तुमच्या इंजिनला बहुधा वेट लायनर असतील, म्हणजे बाहेरून थेट पाणी. त्यांचा कॉलर ब्लॉकच्या पातळीपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी वर असावा लागतो, तेव्हाच हेड गॅस्केट त्याला घट्ट दाबून धरतं. डायल गेज घेऊन प्रत्येक लायनरला चार ठिकाणी बघायचं. सहांत एखादा जरी खाली बसला असला, तरी गॅस्केट तिथूनच जातं. मग लोक गॅस्केटच्या कंपनीला शिव्या घालतात.

क्रँकबद्दल एक गोष्ट सांगतो. जर्नल आणि वेब (त्याच्या बाजूची चपटी भुजा) जिथे मिळतात तिथे एक गोलाई असते. ग्राइंडिंगचं चाक नीट ड्रेस केलं नाही तर ती गोलाई जाऊन कोपरा तयार होतो. दिसायला झकास दिसतो. पण चीर तिथूनच सुरू होते आणि क्रँक एक दिवस भरल्या गाडीत तुटतो. माझ्याकडे असा एक तुकडा ठेवलेला आहे. नवीन पोरगा कामाला आला की आधी तो त्याच्या हातात देतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जे कुठल्याही बिलावर लिहिलेलं नसतं: धुणं. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून आतून ब्रश फिरवलाय का? लायनरला होनिंग केल्यावर तो नुसत्या डिझेलने पुसलाय की गरम साबणाच्या पाण्याने घासलाय? डिझेलने तेल निघतं, होनिंगच्या दगडाची पूड निघत नाही. ती खाचांत बसून राहते आणि पहिल्या हजार किलोमीटरमध्ये नव्या रिंगा खाऊन टाकते. कोरडं पांढरं फडकं आत फिरवा. करडं झालं तर परत धुवा.

हिशेबनीस

वाचतेय. इंजिनातलं मला कळत नाही, पण घरच्या दोन गाड्यांचा हिशेब मी ठेवते.

सुसाट यांच्यासारखा सल्ला मलाही दोनदा मिळाला होता. 'गाडीची किंमत इतकी, इंजिनवर त्याच्या निम्मे घालता?' हे गणितच चुकीचं आहे. आपली गाडी आज विकली तर काय येईल, या आकड्याला इथे काही अर्थ नाही. तशीच गाडी, चांगल्या इंजिनाची, बाजारातून आणायला काय लागेल ते बघा. आणि त्या नव्या-जुन्या गाडीचा गिअरबॉक्स कसा आहे हे कुणाला माहीत? स्वतःच्या गाडीचे दोष तुम्हाला तोंडपाठ आहेत, त्यालाही किंमत आहे.

एक मात्र नक्की बघा. इंजिनवर घातलेला पैसा तुम्ही किती किलोमीटरवर वाटणार आहात? तुमच्याकडे गाडीच्या वयाची किंवा धुराच्या नियमांची मर्यादा जवळ आली असेल, तर चांगल्यात चांगलं इंजिनही दोन वर्षांत भंगारात उभं राहील. मग हाफ काम करून ते दोन वर्षं काढणं शहाणपणाचं. मर्यादा लांब असेल तर पुढच्या दोन वर्षांत येणारे बाकीचे खर्च, क्लच, रेडिएटर, टायर, सगळे एकाच कागदावर घ्या आणि मग ठरवा.

वॉरंटीत लेबर आहे का, गाडी ओढून आणायचा खर्च आहे का, हे लेखी घ्या. आमच्या वॉरंटीत फक्त पार्ट होते. पार्ट मिळाला, पण इंजिन उतरवणं-चढवणं आमच्या खिशातून. आणि कागदपत्रांवर इंजिन नंबर असतो, तो बदलून घ्यावा लागेल. त्या इंजिनाचा मूळ कागद विकणाऱ्याकडे आहे का तेही विचारा.

टॉप_गिअर

हिशेबनीस ताईंना +१.

माझी फजिती सांगतो. बिग एंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकला धरतो तिथलं) फिरलं होतं, म्हणून मी असंच तयार इंजिन घेतलं. इंजिन चांगलं होतं, आजही तेच म्हणेन. बसवताना जुन्या इंजिनावरचा ऑइल कूलर काढून, डिझेलने धुऊन, हवा मारून नव्यावर चढवला. ११ हजार किलोमीटरला ऑइलचा काटा पडला आणि पुढच्या किलोमीटरला आवाज. विकणाऱ्याने माझ्यासमोर कूलर कापला. आतल्या पात्यांमध्ये जुन्या बेअरिंगची चमकी भरलेली. कूलर धुऊन निघत नसतो हे तेव्हा कळलं. वॉरंटी नाकारली, आणि खरं सांगायचं तर बरोबरच नाकारली.

जुनं इंजिन कशाने गेलं ते न शोधता नवं बसवलं, तर त्याच रोगाला दुसरा पेशंट दिल्यासारखं. ऑइल पिणारी गाडी असेल तर इंटरकूलर उतरवून उलटा करून बघा, पोटात ऑइल साचलेलं असतं. ते एकदम इंजिनाने ओढलं तर डिझेल बंद करूनही इंजिन थांबत नाही, स्वतःच्या ऑइलवर पळत सुटतं. ते दृश्य ज्याने बघितलंय तो विसरत नाही.

आणि बांधलेल्या इंजिनाच्या हेडवर एक छोटं गोल बटण चिकटवलेलं असतं, ते बघून ठेवा. इंजिन तापलं की त्याचा मधला भाग वितळतो. तो वितळलेला दिसला की विकणारा हात वर करतो. म्हणजे रेडिएटर आणि थर्मोस्टॅट आधी बघा, वॉरंटीचं नंतर.

चाकं_बारा

मी थोडं उलट बोलतो, रागावू नका.

इथे सगळे तयार इंजिनाला झोडतायत. मी दोन घेतली, दोन्ही उत्तम चालली. आणि तीनदा स्वतःचं इंजिन 'डोळ्यांसमोर' बांधून घेतलं, त्यातलं एकच धड चाललं. डोळ्यांसमोर म्हणजे काय, तर उघड्या शेडमध्ये, वर वारा, खाली माती, आणि क्रँकवर टाकलेलं पोतं. टॉर्क रेंच आहे का विचारलं तर म्हणाला हाताला अंदाज आहे. चांगल्या ठिकाणी बांधलेलं इंजिन निदान बंद खोलीत बांधलेलं असतं. जुना_सोबती, तुमचा मेकॅनिक कुठे बसून बांधणार आहे, तेही विचारा की.

लेथवर_उभा

चाकं_बारा, अगदी बरोबर. मी काम चोख करून ब्लॉक पाठवतो आणि तो लोक उघड्या ट्रॉलीतून धूळ खात नेतात, हे रोज बघतो.

जुना_सोबती

सगळ्यांचे आभार. दोन दिवस लागले, पण मोजलं.

हजार किलोमीटरला डिझेल ३१० लिटर, ऑइल ३ लिटर. म्हणजे जवळपास एक टक्का. टाक्यांच्या ड्रेनमधून काळं, चिकट ऑइल पडलं, मागच्या टाकीत कमी, पहिलीत भरपूर. गव्हर्नरने कट केल्यावर ब्रिदरचा धूर स्पष्ट कमी झाला, पण थांबला नाही. म्हणजे ग्रीसचे_हात दादा, तुमचा कॉम्प्रेसर दोषी आहे पण एकटा नाही, असं धरू का?

इंजिनवाल्याकडेही जाऊन आलो. मापांचा कागद नाही म्हणाला. 'सगळं स्टँडर्ड आहे, बेअरिंग पण स्टँडर्ड टाकलीत, काळजी करू नका.' चेंबर (इंजिनखालचं ऑइलचं भांडं) उतरवून बेअरिंग बघू द्या म्हटलं, तर वॉरंटी जाईल म्हणाला. बसवून चालवून बघा, नाही आवडलं तर बोलू, असं. माणूस बोलायला गोड आहे.

लेथवर_उभा

थांबा. पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की तो म्हणाला क्रँक ग्राइंड केलाय. आता म्हणतो बेअरिंग स्टँडर्ड. दोन्ही एकत्र खरं असू शकत नाही. ग्राइंड केला की जर्नल बारीक होतो आणि त्याला तेवढंच जाड, म्हणजे अंडरसाइज बेअरिंग लागतं. जर्नलवर धातू चढवून परत मूळ मापाला आणलेला क्रँक असतो, पण मग ते आधी सांगायला हवं होतं, आणि ट्रकच्या इंजिनाला तसला क्रँक मी स्वतः घेणार नाही.

तेव्हा एकतर क्रँक ग्राइंड केलेला नाही, नाहीतर बारीक जर्नलवर स्टँडर्ड बेअरिंग बसलंय. पहिलं असेल तर तो खोटं बोलतोय. दुसरं असेल तर इंजिन पहिल्या दिवसापासून ऑइलचा दाब धरणार नाही. तिसरी शक्यता अशी की त्यालाच माहीत नाही, कारण त्याने ते बांधलेलंच नाही, कुठूनतरी आणून उभं केलंय. मला ही तिसरी वाटते.

चाकं_बारा

हे वाचल्यावर माझं मत बदललं. चांगल्या ठिकाणचं इंजिन घ्या म्हणालो होतो, ते हे नव्हे. माझ्या दोन्ही इंजिनांसोबत पानभर मापं होती, आणि चेंबरचे बोल्ट काढा म्हटलं तर त्याने स्वतः पाना हातात दिला होता.

ग्रीसचे_हात

हो, एकटा नाही. आता कम्प्रेशन काढा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, सहाही नोझल (डिझेल फवारणारे) बाहेर. सेल्फ मंद फिरला तर आकडे खोटे येतात. आकडा किती यापेक्षा सहांचा आपसात मेळ बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर तिथे काहीतरी आहे.

कमी आलेल्या सिलिंडरात ऑइल ओतून परत बघा असं कुणी सुचवेल. ते पेट्रोल इंजिनाचं. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की जागाच इतकी थोडी उरते की ऑइल त्यात मावत नाही, द्रव दाबला जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याऐवजी त्या सिलिंडरला टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असेल अशा जागी, आणून कॉम्प्रेसरची हवा आत सोडा आणि कान लावा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरातून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या पाइपातून आली तर इनलेट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. हवा सोडताना फ्लायव्हील धरून ठेवा, पिस्टन खाली पळतो.

जुना_सोबती

आकडे आले. पाच सिलिंडर २७ ते २८ बार. चौथा १९.

हवा सोडली तर ऑइलच्या तोंडातून स्पष्ट फुसफुस. रेडिएटर शांत. चार नंबरचा नोझल टेस्टरवर लावला, तो फवारा मारतच नाही. नळ गळावा तसा टपकतो.

ग्रीसचे_हात

मग तुमचा पांढरा धूर सापडला, आणि बहुधा रिंगाही. टपकणारा नोझल कच्चं डिझेल लायनरवर सोडतो, ते ऑइलची पापडी धुऊन काढतं, आणि पिस्टन कोरड्या भिंतीवर घासतो. एका सिलिंडरसाठी अख्खं इंजिन बदलायला निघाला होतात!

आता चेंबर उतरवा. तुमचंच इंजिन आहे, वॉरंटीची भीती नाही. एक मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं बेअरिंग) आणि चार नंबरचा बिग एंड खोला. मेनचं खालचं बेअरिंग बघायचं आणि बिग एंडचं वरचं, कारण भार त्या बाजूंना येतो. लोक उलट बघतात आणि म्हणतात काय झकास आहे.

सुसाट

मग विकली का?

जुना_सोबती

नाही हो.

चेंबर उतरवला. मेनचं खालचं बेअरिंग राखाडी, कडेला बोटभर तांबडी झाक. चार नंबरच्या बिग एंडचं वरचं मात्र पूर्ण तांबडं. जर्नलवर नख फिरवलं, कुठे अडकत नाही. मायक्रोमीटर मेकॅनिककडे होता. बिग एंडचे सहाही जर्नल दोन-दोन दिशांनी मोजले, मॅन्युअलच्या हद्दीत आहेत. हेडही उतरवलं. चौथ्या लायनरला उभ्या रेघा, बाकीच्यांत होनिंग अजून पुसट दिसतंय.

आता प्रश्न असा की गाडीवरच, इंजिन न उतरवता, सहा लायनर-पिस्टन किट आणि बेअरिंग टाकून भागेल का?

लेथवर_उभा

भागेल. वेट लायनरचा हाच तर फायदा. तांबडं दिसणं म्हणजे वरचा मऊ थर गेला आणि खालचा तांब्याचा थर उघडा पडला. बेअरिंग संपलं, पण त्याने आपलं काम केलं, क्रँकला हात लागू दिला नाही. क्रँक हद्दीत आहे तर त्याला काढू नका. स्टँडर्ड बेअरिंग टाका. (तुमच्या बाबतीत 'स्टँडर्ड' शब्द खरा आहे.) मेन बेअरिंग मात्र सगळी बघा, एकावरून बाकीच्यांचा अंदाज करू नका.

दोन गोष्टी करा. जुने लायनर काढल्यावर त्यांना बाहेरून बघा. पाण्याच्या बाजूने टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतील, तर कूलंटमध्ये साधं पाणी चालवलं जातंय. पिस्टन लायनरला धक्का मारतो, लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंड कोरत जातात. शेवटी आरपार भोक. योग्य कूलंट असेल तर हे थांबतं.

आणि नवे लायनर बसवल्यावर उंची मोजा. आधी रबर रिंगांशिवाय, कोरडे.

जुना_सोबती

काका, लायनर बाहेरून बघितले. दुसऱ्या आणि पाचव्याला खड्डे आहेत, एका बाजूलाच, ओळीने. एक सुईच्या टोकाइतका खोल. साधं पाणीच घालत होतो, कबूल.

उंची: पाच लायनर ०.०६ ते ०.०९ मिलिमीटर. दोन नंबर ०.०२.

लेथवर_उभा

दोन नंबरची बैठक झिजलीये. तसाच बांधू नका. बैठक कापून खाली शिम (पातळ चकती) घालायची. ब्लॉक काढायची गरज नाही, ब्लॉकच्या वर बसवून फिरवायचं हातकटर मिळतं, तुमच्या जवळच्या मशीन शॉपला विचारा. अर्ध्या दिवसाचं काम. कापलेला कचरा खाली जाऊ नये म्हणून आधी क्रँक झाकून घ्या. आणि तरीही नंतर धुवाच.

हिशेबनीस

मला एक विचारायचंय. हे करून शेवटी तयार इंजिनाच्या किती टक्के खर्च येतो?

जुना_सोबती

ताई, निम्म्याच्या जरा खाली. त्यात सहा किट, बेअरिंग, गॅस्केट सेट, हेडचं फेसिंग आणि व्हॉल्व्हचं काम, सहाही नोझल (एकटा चौथा करणार होतो, मेकॅनिकने ऐकलं नाही), एअर कॉम्प्रेसरचं किट, नवा ऑइल कूलर आणि थर्मोस्टॅट. कूलर टॉप_गिअर यांच्या नावाने घेतला असं समजा. गाडी उभी राहिली अकरा दिवस. त्यातले तीन दिवस गॅस्केट सेट चुकीचा आल्यामुळे गेले. याच फॅमिलीतल्या दुसऱ्या पॉवरच्या इंजिनाचा होता, दिसायला जुळा भाऊ, फक्त पाण्याची दोन भोकं वेगळ्या जागी.

टॉप_गिअर

नावाने घेतलात, बरं वाटलं. तयार इंजिन घेतलं असतं तर असं जुळं इंजिनच हाती पडायची शक्यता होती. फ्लायव्हील हाउसिंग वेगळ्या मापाचं, चेंबरचं पोट पुढे की मागे, कॉम्प्रेसरची जागा. मग बसवायचे तीन दिवस तीस होतात.

ग्रीसचे_हात

सुरू करताना पहिला सेल्फ डिझेल बंद ठेवून मारा. ऑइलचा काटा उठल्याशिवाय डिझेल द्यायचं नाही. फिल्टर ऑइलने भरून लावा.

जुना_सोबती

आज सुरू केली.

सकाळी लायनरमध्ये शेवटचं फडकं फिरवलेलं आठवत होतं. पहिल्यांदा करडं, दुसऱ्यांदा थोडं करडं, तिसऱ्यांदा पांढरं. तेवढ्यावर विश्वास ठेवला. स्टॉप केबल ओढून मेकॅनिकचा पोरगा केबिनमध्ये बसला. सेल्फ मारला, काटा हलेना. दहा सेकंद थांबून परत मारला, हलेना. माझ्या पोटात गोळा. तिसऱ्या वेळी काटा एकदम थरथरला आणि वर चढत गेला. पोराने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्याने केबल सोडली. दुसऱ्या फेऱ्यातच पकडली. थोडा पांढरा धूर आला तो नव्या ग्रीसचा आणि पाण्याचा असावा, मिनिटभरात गेला. ब्रिदरवर हात धरला, नुसती ऊब.

ग्रीसचे_हात

अभिनंदन! आता आयडलला तासन् तास उभी ठेवू नका. रिंगांना बसायला मागून दाब लागतो आणि तो लोडशिवाय येत नाही. नुसती घुरघुरत ठेवली तर लायनर काचेसारखा होतो आणि मग ऑइल पिणं परत सुरू. अर्धा लोड भरा, चढावर इंजिनाला जोर लावू द्या, पण कोंडू नका (वरच्या गिअरला रेटू नका). पहिलं ऑइल लवकर बदला आणि फिल्टर कापून आत काय आहे ते बघा.

जुना_सोबती

लोड उद्या. आज गार झाल्यावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) परत तपासायचेत, आणि त्या गोड माणसाला फोन करून सांगायचंय की इंजिन नको. तो म्हणेल तसं थोडं कमी करून देतो.

लेथवर_उभा

कमी करून देतो म्हणाला तर क्रँकची साइज विचारा. मला उत्सुकता आहे.